रिकामे हात

कुटाईसीतल्या तिसऱ्या मजल्यावरची नातेला
कधीच घर आवरत बसत नाही.
फक्त रिकाम्या हातानं
या खोलीतून त्या खोलीत जात नाही.

उठली की उशाजवळचा पेला बरोबर,
कॉफी वर येते तेवढ्यात शेगडीवरून फडकं,
दार उघडायला निघाली तरी
वाटेतला मोजा उचलून.
तो हातात धरूनच मला म्हणायची, ये.

झुराब हसायचा:
अगं, मी काय मोजा आहे?
बसल्या जागचा उचलतेस!

मार्चमध्ये तो गेला. रिकाम्या हातानं.
चष्मा खिडकीत,
अर्धं शब्दकोडं खुर्चीवर.

काल गेले होते तिच्याकडे.
ओटा लख्ख. फडकं वाळत घातलेलं.
खुर्चीजवळून ती तीनदा गेली,
तीनदा, कोरडेच हात
एप्रनला पुसत.