रकाना सहावा: संख्या

खारघरच्या डोंगरावर, टॉवरांच्या पाठीमागे
गवत कमरेला लागतं आता, पिवळं, कुसळांचं.
माझ्या हातात फॉर्म.
बरकू पारधीच्या हातात काही नाही;
रात्रपाळीचा निळा शर्ट उलटा करून खांद्यावर.

फॉर्मवर छापलंय: पर्डिक्युला.
लॅटिनात म्हणे, तितरुकला.
जाती चार. जंगली, खडकाळ माळावरची,
रंगीत, आणि मणिपूरची;
तिला इथं रकाना असायचं कारण नाही,
तरी आहे.

बरकू म्हणतो, लावा.
मग थांबून: एक गवतातला.
आणि एक तांबड्या चोचीचा, बापाच्या फाशात
एकदाच आला. तो आम्ही खाल्ला नाही.
का, ते सांगत नाही.

आणि मग पायाखालची जमीनच फुटते,
फुर्र,
दहा? बारा?
एकही दुसऱ्याच्या मागे नाही,
दिसेल त्या दिशेला एकेक तपकिरी मूठ,
आणि माझी पेन्सिल गवतात.

तो वाकून दाखवतो:
भाकरीएवढी वाटोळी दबलेली जागा, कडेनं शीट.
तळवा टेकवतो. "कोमट आहे."
शेपट्या आत, तोंडं बाहेर, असे बसतात.
मुंगूस कुठूनही येवो,
कुणीतरी त्याच्याकडेच बघत असतं.
"गेटवर आम्ही चौघं," तो म्हणतो,
"चौघं एकाच स्क्रीनकडे बघतो."

आता थांबायचं.
उडालेलं मोजू नये.
एकमेकांना परत बोलावतात, तेव्हा मोजावं.

खाली गोल्फच्या हिरवळीवर फवारे फिरतात.
मेट्रो वळते, तिचा आवाज उशिरा वर येतो.
बरकू विडी काढतो, पेटवत नाही.

कारवीतून एक.
ओहोळाच्या अंगानं दुसरा, बारीक, कापरा.
मग दगडामागून, मग अगदी जवळून,
मी बोटं दुमडत जाते,
आठ.

"नऊ," तो म्हणतो.

नववा कुठे?
"तो बोलत नाही."
मग कसा मोजला?
"बाकीचे गप्प बसलेत का?"

खरंच, बसलेले नाहीत.

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात:
फक्त पाहिलेले वा ऐकलेले पक्षी नोंदवावेत.

तो खिशातून पेन देतो, गेटच्या रजिस्टरचं,
टोकाला तुटकी दोरी अजून आहे.
मी नऊ लिहिते.
खोडते.
गवतात अजून हाका चालू आहेत.
शेजारी जागा नाही, म्हणून खोडलेल्याच्याच वर
पुन्हा लिहिते.