अर्थ

आधी बॅटरीची मायनस काढायची. दहा नंबरचा पाना.
एवढं मोईन उस्तादनं कानफटात मारून शिकवलं,
बाकीचं मी बघून बघून उचललं.

द्वारकेच्या पुलाजवळ आमचं दुकान:
एक शटर, दीड गाडीची जागा,
अर्धी गाडी कायम उन्हात.
त्या दिवशी उन्हात होतं
खैरनार काकांच्या वॅगन आरचं बोनेट.

काका नोटांच्या प्रेसमधून रिटायर.
बत्तीस वर्षं मशीनपाशी उभे.
वरचे आवाज गेले म्हणाले. आधी पाखरं गेली,
मग कुकरची शिट्टी,
आता नातीचं बोलणं ओठांवरून ओळखतो.
"तबल्यातला तबला गेला रे, डग्गा तेवढा उरलाय.
तो तरी नीट ऐकव."

तर चार चॅनलचा अँप्लिफायर,
दोन चॅनल जोडून मागं बारा इंची वूफर,
दोन पुढच्या दारांना.
लाल वायर बॅटरीपासून, वीतभरावर फ्यूज.
फायरवॉलच्या रबरातून आत जाईना,
तेव्हा साबणाचं पाणी लावलं,
बांगडी चढवताना लावतात तसं.
लाल डाव्या पट्टीखालून, सिग्नलची उजव्या;
दोघी शेजारी झोपल्या की कुरकुरतात.
निळी बारीक, ती फक्त उठवायला:
स्टिरिओ जागा झाला, आता तूही हो.

राहिली काळी.
तिला आम्ही अर्थ म्हणतो.
अर्थ द्यायचा गाडीच्या अंगाला,
रंग खरवडून, उघड्या पत्र्याला,
हातभराच्या आत.
मी दिला सीटच्या बोल्टला.
चार वाजले होते, चहा आला होता,
बोल्ट समोरच होता.

काकांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला,
रबर बँड गुंडाळलेला.
डग्ग्याची पहिली थाप पडली
आणि ट्रेमधले नट चालायला लागले.
काकांनी दाराला तळहात टेकला.
"आला," म्हणाले, "आला आला,"
कुणी एसटीतून उतरावं तसं.

मग मी इंजिन चालू केलं.
दारांतून एक बारीक शिट्टी,
अॅक्सिलरेटर दाबला की चढणारी,
सोडला की उतरणारी,
दाताच्या डॉक्टरकडची.
काका डोळे मिटून मान डोलवतायत.
तौफिकनं माझ्याकडं पाहिलं.
"त्यांना कुठं ऐकू येतंय," म्हणाला,
तोंड तिकडं फिरवून,
कारण ते ओठ वाचतात.

खरं होतं त्याचं.
साडेसहा झालेले, बाहेर अजून एक गाडी,
गिऱ्हाईक खूश.
मी वर आभाळाकडं बघितलं तर पुलाचा पिलर.
"काका, अजून एक चहा घ्या."

परत मायनस काढली. सीट काढली.
बोल्टखाली कंपनीचा रंग, जाड, इमानदार.
त्याच्या शेजारी मॅट उचलून
पॉलिश पेपरनं घासत बसलो,
आठ आण्याएवढा पत्रा चमकेपर्यंत.
दाते असलेला वॉशर, नवा लग, घट्ट पाना.
पुलावरचे दिवे लागले.
चालू केलं, दाबला,
इंजिन ओरडलं, दारं गप्प.
तौफिक उगाच पाने पुसत राहिला.

काका पैसे मोजायला लागले.
अंगठा जिभेला, एकेक नोट ट्यूबलाइटसमोर धरून.
"सवय," म्हणाले.
"पण मघाशी एवढा वेळ काय करत होतास?"
मी समोर उभा राहिलो, ओठ नीट हलवले:
"काळ्या वायरला अर्थ नव्हता."
त्यांनी काय वाचलं कोण जाणे,
मोठ्यानं हसले
आणि पन्नास कमी दिले.

गाडी नाशिकरोडकडं वळली.
डग्ग्याबरोबर मागची नंबर प्लेट खडखडत होती.
तिला रबर लावायचं राहिलंच.