पंचा

टॉवेल मी टाकला होता.
हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना
मला कुणी तटस्थ समजू नये.

साखर पेठेतल्या शाळेचा हॉल, सत्त्याऐंशीचा मे.
पंखे फिरत होते, वारा कुणाच्याच वाट्याला नव्हता.
आमचा लक्ष्मीपती येमूल, चौसष्ट किलो,
रात्रपाळी करून थेट आलेला, भुवयांत रुई.
समोर मिरजेचा दस्तगीर नदाफ.
त्याच्याबद्दल एवढंच ऐकलं होतं की तो बोलत नाही.

दुसऱ्या फेरीत लक्ष्मीपती तीनदा पडला.
पहिल्यांदा घसरला असं म्हणता आलं.
दुसऱ्यांदा पंच आठपर्यंत गेले.
तिसऱ्यांदा त्यांची माणसं ओरडत होती, ले! ले!
आणि आमचीही ओरडत होती, ले! ले रा!
त्यांच्या दखनीत ले म्हणजे घे,
आमच्या तेलुगूत ले म्हणजे ऊठ.
हॉलभर एकच अक्षर.
त्याला ते कुठल्या भाषेत ऐकू गेलं
हे त्यानं अजून सांगितलेलं नाही.

पंच सहा म्हणाले. मी टाकला.
आमच्याच मागावरचा, हिरव्या काठाचा,
सेकंडचा माल, एका कडेला दोरा सुटलेला.

तेव्हापासून कन्ना चौकात भूमय्याच्या हॉटेलात
ही लढत रोज नव्यानं होते.
रात्रपाळी नसती तर, भूमय्या म्हणतो.
डावा हात वर असता तर, गड्डम मास्तर.
गड्ड्याच्या दिवसांत ठेवायची होती बे,
थंडीत, उघड्यावर, मग बघितलं असतं.
चहा निवेपर्यंत लक्ष्मीपती जिंकलेला असतो,
कधी गुणांवर, कधी पहिल्याच मिनिटाला.
एकदा तर दस्तगीर दोरांबाहेर जाऊन पडला,
ते भूमय्यानं टेबल पुसायच्या फडक्यानं करून दाखवलं.

मी गप्प असतो. तो डावा हात मला ठाऊक आहे.
बारा वर्षं शेजारच्या मागावर बघितलाय.
धागा तुटला की उजवा दांडा ओढायचा
आणि डावा आपसूक खाली जायचा, टोक शोधत.
ठोसा येताना त्याला काहीतरी तुटल्यासारखं वाटत असावं.
हात खाली. हनुवटी उघडी.
सहा महिन्यांत मोडली असती ही सवय?
आणि मोडली असती, तर शेठनं ठेवला असता?

दिवाळीनंतरची तारीख ठरलीही होती.
हॉलच्या भाड्याची पावती माझ्या ट्रंकेत आहे,
रुपये पंचेचाळीस, परत न मिळणारे.
मग त्याचं लग्न निघालं, दस्तगीर रेल्वेत लागला,
मग विचारायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

परवाच्या उन्हाळ्यात दस्तगीर आला.
मुलीच्या लग्नात आहेराला टॉवेल हवे होते, दीडशे नग.
कानात यंत्र, पण चाल तीच, पाय न वाजवता.
भूमय्यानं विचारलंच. इतकी वर्षं साठवलेलं.
दस्तगीर म्हणाला,
दहा वेळा खेळलो असतो तर दहाही वेळा मीच.
बढाई नव्हती. गाडी किती वाजता सुटते
ते सांगावं, तसं.

लक्ष्मीपती बशीत चहा ओतत होता.
म्हणाला, आणि अकराव्या वेळी?

दस्तगीर हसेल असं वाटलं.
तो विचार करायला लागला. खरोखरच.
बशीतल्या चहावर साय धरली.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
अकराव्या वेळी तुझ्या कोपऱ्यात हा नको.

टॉवेल मोजून दिले. पाच जास्तीचे घातले.
तो गेल्यावर लक्ष्मीपतीनं माझ्याकडे बिडी सरकवली,
दोघांनीही ती पेटवली नाही.

एक गोष्ट मी हॉटेलात कधी बोललो नाही.
पंच सहा म्हणाले तेव्हा
त्याचा डावा हात जमिनीवर चाचपडत होता.
दोर शोधत होता, उठायला,
की तुटलेलं टोक,
ते मला कळायच्या आत
माझ्या हातातून पंचा सुटला होता.
थांबलो असतो तर दिसलं असतं.
आठला. फार तर नऊला.