नमुना क्रमांक दोन

"राय आहे का?" मी विचारलं.
सिद्राम काउंटरवरून वाकला,
"मोहरी व्हय? ती पलीकडं, किराण्यात."

मग मीच बोट दाखवलं.
भिंतीवर एकोणीस सालच्या पुराची रेघ आहे,
तिच्या वर हातभर, शेवटच्या फळीवर
ठेवतात ज्याला गिऱ्हाईक नाही ते.
स्टुलावर चढून त्यानं तीन बाटल्या काढल्या,
बनियनला पुसल्या.
"हे कशाचं असतंय वो, बाई?"
धान्य आहे, म्हटलं, थंड मुलखातलं.
आपल्या जतच्या जोंधळ्यासारखं,
चांगल्या जमिनीची वाट न बघणारं.

एक अकराशेची. एक सोळाशेची.
तिसरी परदेशी, सहा हजार,
तिला स्वतःचं खोकं.
"महागातली चांगली," सिद्राम म्हणाला.
त्यानं कधी चाखली नव्हती. मीही नाही.

एकतीस वर्षं कारखान्याच्या डिस्टिलरीत
मी स्पिरिट मोजलं.
उंच नळीत हायड्रोमीटर सोडायचा,
त्याची थरथर थांबेपर्यंत आपण थांबायचं,
आकडा लिहायचा, सही करायची.
जिभेवर थेंब नाही.
साडीला मात्र मळीचा वास,
एस.टी.त शेजारची बाई खिडकीकडे सरकायची.

"नुसती प्यायची नाही, मिसळायची आहे," मी सांगितलं.
मिसळायला सहा हजारांची घेणं म्हणजे
पैठणी नेसून फरशी पुसणं.
अकराशेची आणि सोळाशेची, दोन्ही दे.
तो काळी पिशवी शोधायला लागला,
बायकांसाठी ठेवतात ती, आतलं न दिसणारी.
मी कापडी पुढे केली,
हळद आणायची, अजून पिवळी.
परवाना दाखवला. त्यावर छापलंय,
आरोग्यासाठी.

बुधवारी इंदूताई लेंगरे आल्या,
आमच्याच हिशेब खात्यातून निवृत्त,
येताना चकल्या घेऊन.
विश्रामबागेतली माझी खिडकी आम्ही लावून घेतली,
मग उघडली. उकडत होतं.

चिराईत तीन आठवडे स्पिरिटमध्ये भिजलेलं,
कडू, माझ्या सासूच्या औषधासारखं.
काकवी, संत्र्याची साल, बर्फ.
माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं टोपण,
सहा टोपणं राय, एक काकवी,
चिराईत तीन थेंब, ड्रॉपरनं.
हलवायला चमच्याचा दांडा.

नमुना क्रमांक एक, अकराशे रुपये,
बेचाळीस पूर्णांक आठ.
इंदूताई म्हणाल्या, "पानक आहे की हे."
खरंच, काकवीनं तिला गिळलं होतं.
ढवळून ढवळून शोधली,
पाहुण्यांनी भरलेल्या घरात नवी सून जशी
कुठल्या खोलीत आहे ते कळू नये.

नमुना क्रमांक दोन, सोळाशे.
लेबलवर पन्नास टक्के.
सवयीनं मी घरचा हायड्रोमीटर सोडला,
निवृत्तीच्या दिवशी पर्समध्ये आलेला.
एकोणपन्नास पूर्णांक सहा. ठीक.
हिच्यात काकवी गेली, चिराईत गेलं, बर्फ वितळला,
तरी खालून ती बोलत राहिली,
मिऱ्याचा, वाळल्या कडब्याचा, थोडा रागीट आवाज.
घशात उतरताना नाव सांगून गेली.

म्हणजे पाचशे रुपये जास्त
ते गोडाखाली न बुडण्याचे.
इंदूताईंनी तेवढ्यात भाग लावला,
"पेल्यामागे चाळीस रुपये येतात, बाहेर चारशे घेतात,"
आणि दुसरा भरायला पुढे केला.

मी जुनी वही काढली, रेघा मारलेली.
तारीख, वार, नमुना, तीव्रता,
निरीक्षणं.
निरीक्षणांच्या रकान्यात एकतीस वर्षं
मी "स्वच्छ, रंगहीन" लिहीत आले.
आज पेन टेकवून बसले
आणि सुचेना काय लिहावं
एवढ्या सगळ्या चवीला.

"लिहा की, पास," इंदूताई म्हणाल्या,
तोंडात चकली.

पहिल्या बाटलीचं काय करायचं ते ठरलं नाही.
संत्र्याच्या साली घालून ठेवलीय, बघू.