थांबा

घाट उतरलो की मी अजून ओरडतो: पॉवर स्टेशन!
आणि ब्रेक दाबतो.
बहुधा एकटी नेजमिये उतरते,
पाठीवर हेझलनटचं पोतं, चपलेत वाळू.
समोर रान. खाली काळा समुद्र.
पॉवर स्टेशन नाही.

होतं ते नगरपालिकेत, काचेच्या पेटीत.
प्लास्टिकची झाडं, खऱ्यापेक्षा निळा समुद्र,
आणि पुठ्ठ्याची चिमणी,
खाली लिहिलेलं: दोनशे मीटर.

बायकांच्या तंबूतली चिमणी वीतभर. रॉकेलची.
एकवीस महिने जळली रस्त्याच्या कडेला,
पाळीपाळीने वात वर करत.
सर्व्हेवाल्यांची गाडी आली की आधी चहा द्यायच्या,
मग चाकांपुढे बसायच्या.

कोर्टाचा कागद आला त्या रात्री
आम्ही हामसी मासे तळले, बंदुकीचे बार काढले.
माझा भाऊ शाकिर जेवला नाही.
त्याच्या खिशात क्रेन चालवण्याचा दाखला होता,
कंपनीनेच शिकवलेलं.
आता तो ब्रेमेनच्या धक्क्यावर
दुसऱ्यांचे कंटेनर उचलतो.
फोनवर विचारतो, मासा कसा आहे यंदा?
आहे, म्हणतो मी. बरा आहे.

खुंट्या अजून आहेत रानात, लाल डोक्यांच्या.
नेजमिये त्यांवर घेवडा चढवते.

मागे पाटी बदलायची ठरली होती.
बैठक झाली, तीन नावं निघाली, भांडण झालं.
पाटी तीच.

परवा एक परका माणूस उतरला,
इकडेतिकडे बघत म्हणाला, कुठंय?

मी लगेच दार लावलं नाही.