सुटणे, अ. क्रि.

कोशाच्या कामात माझ्या वाट्याला 'सुटणे' आलं.
हर्डीकर सर म्हणाले, छोटं क्रियापद आहे,
आठवड्यात सुटाल.

नारायण पेठेत, ग्रंथालयाच्या पोटमाळ्यावर
जुन्या दैनिकाच्या बांधीव फायली.
पान उलटलं की कडा बोटांवर भुगा होऊन येते.
एका वाक्याला एक कार्ड :
तारीख, पान, रकाना.

'कालव्यास काल पहाटे पाणी सुटले.'
त्याच्याच खाली : 'भवानी पेठेत बैल सुटला; तीन इसम जखमी.'
'सोसाट्याचा वारा सुटून मंडईतील ताडपत्र्या उडाल्या.'
'मिरजेची गाडी तासभर उशिरा सुटली.'
'शब्दकोडे कोणासही बिनचूक न सुटल्याने
बक्षिसाची रक्कम पुढील महिन्यात मिळवण्यात येईल.'
'लकडी पुलाच्या उतारावर टांगेवाल्याचा ताबा सुटून'—
पुढचं कसरीने खाल्लंय.
टांग्यात कोण होतं, कळायला मार्ग नाही.

संपाच्या बातम्या मला आवडू लागल्या.
मालक म्हणतात, कामगारांचा धीर सुटला आहे.
चार दिवसांनी, त्याच रकान्यात,
कामगार म्हणतात, मालकांचा.

जाहिरातीही घ्याव्यात का, मी विचारलं.
घ्या, सर म्हणाले, लोक त्याच वाचायचे.
'पोट सुटले आहे काय?'
'दारू हमखास सुटेल, पिणाऱ्याच्या नकळत.'

येरवड्याहून एकदा अकरा कैदी सुटले,
एकदा एक निसटला.
निसटलेला आपला नाही, सर म्हणाले,
तो कुलकर्णीबाईंकडे द्या.

मग त्रेसष्ट सालचा नोव्हेंबर. पान सहा,
हातमागाच्या सेलच्या जाहिरातीला चिकटून :
'विम्याचे पार्सल गहाळ केल्याच्या आरोपातून
सिटी पोस्टातील क्लार्क शि. तु. कुदळे
पुराव्याअभावी सुटला.'

शि. तु. म्हणजे शिवराम तुकाराम.
म्हणजे अण्णा.

मॅजिस्ट्रेट त्या बातमीत 'म्हणाले'.
वकील 'हजर होते'.
हरवलेल्या पार्सलाचे मालकसुद्धा 'श्रीयुत'.
अण्णा नुसते सुटला.

आई सांगायची, त्यांनी पोस्ट सोडलं.
सुटलं नाही म्हणायची, सोडलं.
चौथी शिकलेली बाई,
पण क्रियापद कधी चुकली नाही.

लक्ष्मी रोडने जाताना सिटी पोस्ट जवळ आलं
की अण्णा माझा हात धरून पलीकडे जायचे.
मला वाटायचं, उन्हासाठी.
पावसाळ्यातही वाटायचं.

आणि त्यांची गाठ.
दिवाळीचा फराळ मावशीला पाठवायचा तर
डब्याला सुतळी तेच बांधायचे,
दोन वेढे, एक पीळ, अंगठ्याने दाब.
मावशीचं पत्र यायचं :
चकल्या छान, गाठ सुटली नाही, विळीवर कापली.

अठ्ठ्याऐंशीत, ससूनमध्ये, अकरा महिन्यांनंतर
शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको
माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली,
सुटले हो तुमचे वडील.
'सुटले' म्हणाली ती.
तेव्हा मी रडत होते, ऐकून घेतलं नाही.
आज पंचवीस वर्षं शिळ्या बातमीपुढे
ते ऐकू आलं.

सरांनी कार्ड दिव्याखाली धरलं.
आडनाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं नाही.
अर्थ क्रमांक चार, म्हणाले, निर्दोष ठरणे?
नाही सर, मी म्हटलं.
निर्दोष वेगळं.
ह्यात फक्त सुटणे आहे.
त्यांनी पेन्सिलीने चारचा आकडा खोडला
आणि जागा तशीच ठेवली.

चारशे बारा कार्डं झाली.
आठवड्याचं काम पाच महिने चाललं.
संध्याकाळी गठ्ठा करून मी सुतळीने बांधला,
दोन वेढे, एक पीळ,
अंगठा आपोआप गेला.

सकाळी सरांचा फोन :
अहो कुदळेबाई,
कात्री कुठे ठेवता तुम्ही?