नांगर नसलेला उंदीर

साई कुंगच्या धक्क्यावर आता मासळी कमी, पाहुणे जास्त.
बाबा, तुम्ही बाकावर बसून
रिकाम्या हातांनी दोर वळत असता
आणि मला विचारता, तू कोणाची गं?

मी सुक-यिंग. फोकांची धाकटी.
टेकडीवरच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूचे काप काढते,
केसाहून पातळ.
तिथे पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं, इवलंसं:
एक टोक आत, गाळात रुतल्यासारखं,
मधला भाग पटलातून आरपार,
आणि बाहेर आखूड दांडा.
त्या दांड्याभोवती चार एन्झाइमांच्या शेपट्या
पेड घालावा तशा वळलेल्या.
चार होड्या, एक नांगर.

काम त्यांचं पुसायचं.
शेजारची पेशी काही बोलली
की ऐकू आल्याबरोबर तो शब्द पुसून टाकायचा,
नाहीतर पुढचा ऐकू येणार कसा?
तुमची रात्रीची पांढरी गोळी
याच पुसणाऱ्यांचे हात जड करते,
शब्द थोडा वेळ रेंगाळावा म्हणून.
कधी रेंगाळतो. परवा तुम्ही म्हणालात, "भरती".
ओहोटी होती. पण म्हणालात.

आमच्याकडे काही उंदीर आहेत,
त्यांच्यात हा नांगर जन्मापासूनच नाही.
मला वाटलं, थरथरतील, कोलमडतील.
वही उघडून, घड्याळ लावून बसले.
उंदराने तोंड धुतलं. मिशा पुसल्या.
दाणे खाल्ले. माझ्याकडे पाहिलंही नाही.
डॉक्टर यूंनी दोनदा पिंजऱ्याचा क्रमांक तपासला.

मग काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले.
एन्झाइम होतं, थोडंसं, तेही पेशीच्या आतच,
घडलेलं आणि तसंच पडून राहिलेलं,
उंबऱ्यापर्यंतही न आलेलं.
बाहेर न पुसलेल्या शब्दांचा गलका.
पेशीने करावं तरी काय?
तिने कानच कमी केले.

म्हणजे नांगर नुसता धरून ठेवत नाही, बाबा,
आधी तो घराबाहेर काढतो.
तुम्हाला ठाऊक असणार.
वादळाच्या रात्री तुम्ही दोर ढिला सोडायचात,
आई ओरडायची,
आणि होडी वाऱ्याकडे तोंड करून
जागच्या जागी फिरत राहायची.

आज तुम्ही माझ्या मनगटाला गाठ मारलीत,
नसलेल्या दोराची. नीट ओढून पाहिलीत.
कोणाची, ते विचारलं नाहीत.
माझी मिनीबस समोरून गेली.
मी हात हलवला नाही.